तळ्याकाठचे कोरियन गाव

कोरियन भाषेची उन्हाळी शिबिरे कोरियाबाहेर बऱ्याच ठिकाणी भरतात. बहुतेक शिबिरे चर्चच्या तळघरात किंवा सुट्टी लागलेल्या शाळेच्या वर्गांत चालतात. पालक सकाळी मुलांना सोडतात, दुपारी घेऊन जातात आणि परतीच्या गाडीत पुन्हा इंग्रजी सुरू होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी या छोट्या शहराच्या परिसरात भरणारे ‘सुप सोगुई होसू’ मात्र निवासी आहे. तिथे मुले दोन किंवा चार आठवडे राहतात आणि आल्या आल्या एका खोट्या देशाचे नागरिक होतात. नावाचा अर्थ ‘रानातले तळे’. मिनेसोटात तळी इतकी आहेत की राज्याच्या वाहनांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ अशी ओळख छापलेली असते, त्यामुळे नावात अतिशयोक्ती काही नाही.

सीमाशुल्काचे टेबल

गाडीतून उतरलेल्या मुलाला आधी रांगेत उभे राहावे लागते. टेबलामागे बसलेला विशीतला ‘अधिकारी’ कोरियनमध्ये नाव विचारतो. मुलाला कळत नाही. अधिकारी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आपले नाव सांगतो, मग बोट मुलाकडे वळवतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रश्न समजतो आणि तोंडातून पहिले कोरियन वाक्य अडखळत बाहेर पडते. पुढच्या टेबलावर यादीतून कोरियन नाव निवडायचे. ते हांगुल लिपीत लिहिलेली पट्टी गळ्यात येते आणि शिबिर संपेपर्यंत तेच नाव चालते. त्यापुढे सीमाशुल्काची तपासणी. मोबाइल, इंग्रजी कादंबऱ्या, खिशातला खाऊ हे सगळे काढून घेतले जाते आणि निघताना परत मिळते. जवळचे डॉलर बँकेत जमा करून खाते उघडायचे. इथून पुढचा व्यवहार वॉन या कोरियन चलनात.

हे सगळे नाटक आहे हे मुलांना पक्के माहीत असते, आणि तरी नाटक चालते. घरच्या नावाने वावरणारा मुलगा वर्गात उच्चार चुकला की लाजतो. गळ्यात दुसरे नाव असले की चूक त्या नावाच्या माणसाची होते. भाषा शिकवणारे ज्याला भीड चेपणे म्हणतात, ते या एका पट्टीने अर्धेअधिक साधते.

शिबिरात इंग्रजी बोलल्याबद्दल शिक्षा नसते. मार्गदर्शक स्वतः कोरियन सोडत नाहीत, एवढेच. मुलाने इंग्रजीत विचारले तरी उत्तर कोरियनमध्ये आणि हातवाऱ्यांत येते. आजारपण, इजा, रात्री घरची आठवण येऊन रडू फुटणे अशा वेळी हा नियम बाजूला ठेवतात. नऊ वर्षांच्या मुलाचे पोट दुखत असताना त्याला ‘पोट’ या शब्दाचे कोरियन पाठ करायला लावणे हे कुणाच्याच पद्धतीत बसत नाही.

जर्मन पोरांमुळे सुरू झालेली गोष्ट

या पद्धतीचा कोरियाशी मुळात काही संबंध नव्हता. मिनेसोटातल्या मूरहेड गावी कॉन्कॉर्डिया हे ल्यूथरन पंथाचे महाविद्यालय आहे. तिथले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक गेरहार्ड हाउकेबो काही काळ जर्मनीत राहिले होते. आपली लहान मुलगी शेजारच्या पोरांत खेळता खेळता जर्मन बोलू लागली हे त्यांनी पाहिले. मोठी माणसे पुस्तके घेऊन बसत होती आणि मागे पडत होती. परत आल्यावर १९६१च्या उन्हाळ्यात अलेक्झांड्रिया गावाजवळचे एक चर्चचे शिबिरस्थळ घेऊन त्यांनी मुलांसाठी जर्मन भाषेचा प्रयोग केला. पुढच्या दोन वर्षांत फ्रेंच आणि नॉर्वेजियन आल्या. मिनेसोटातली वस्ती मोठ्या प्रमाणावर जर्मन आणि स्कँडिनेव्हियन वंशाची. आजोबांची भाषा नातवाला यावी ही हौस तिथे आयती होती, त्यामुळे अशी भाषेची ‘गावे’ भरायला अडचण आली नाही. ‘कॉन्कॉर्डिया लँग्वेज व्हिलेजेस’ या नावाने हा पसारा वाढत गेला. टर्टल रिव्हर लेक या तळ्याभोवती जर्मन, फ्रेंच, नॉर्वेजियन, फिनिश अशी गावे त्या त्या देशाच्या धाटणीच्या इमारतींसह वसली. बिल क्लिंटन यांची मुलगी चेल्सी इथल्या जर्मन गावात शिकून गेली आहे.

चिनी गाव १९८०च्या दशकात सुरू झाले, त्याच दशकात पुढे जपानी. कोरियनचा, म्हणजे ‘सुप सोगुई होसू’चा, नंबर लागला १९९९ मध्ये. ते सुरू केले रॉस किंग यांनी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ते कोरियन शिकवत आणि सोव्हिएत संघात पांगलेल्या कोरियन लोकांच्या बोलीचे ते अभ्यासक. गावात त्यांची ओळख ‘छोनजांग’, म्हणजे गावचा पाटील. पुढे ही जबाबदारी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डाफ्ना झूर यांच्याकडे आली. कोरियन बालसाहित्य हा त्यांच्या संशोधनाचा विषय. या दोघांपैकी कुणीही कोरियन वंशाचे नाही, ही गोष्ट गावात येणाऱ्या मुलांवर न बोलता परिणाम करते. गोरा पाटील अस्खलित कोरियनमध्ये जेवायला हाका मारतो आहे हे पाहिल्यावर ‘ही भाषा आपल्यासारख्यांना येणे शक्य नाही’ या सबबीत दम उरत नाही.

दोन चोकोपाई

दिवस गाण्याने सुरू होतो. झेंडा, नाश्ता, मग वयानुसार नव्हे तर भाषा किती येते त्यानुसार पाडलेल्या छोट्या गटांत वर्ग. दुपारी तायक्वांदो, सुलेखन, स्वयंपाक, के-पॉपची नाचगाणी, ‘सामुल्नोरी’ हे चार वाद्यांचे तालवादन. त्यात छोटी आणि मोठी अशा धातूच्या दोन थाळ्या, मध्ये चिमटलेला जांगू ढोल आणि गोल बुक ढोल. तालवाद्ये हा धूर्त विषय आहे, कारण तिथे व्याकरण न येणारा मुलगाही पहिल्याच दिवशी बाकीच्यांच्या बरोबरीचा होतो. रात्री नाटुकली, खेळ, शेकोटी.

जेवणाला बसताना आणि उठताना ठरलेली वाक्ये म्हणायची. बसताना ‘आता मी पोटभर जेवणार’ अशा अर्थाचे, उठताना ‘पोटभर जेवलो’. वदनी कवळ घेता म्हणत वाढलेल्या मराठी मुलाला यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते धातूच्या चपट्या काड्यांचे. चीन-जपानच्या लाकडी काड्यांपेक्षा त्या जास्त निसटतात, आणि कोरियात भातासाठी चमचाच वापरतात. त्यामुळे काड्यांनी भात खाऊन दाखवणारे अमेरिकन पोर आपण फार कोरियन झालो असे समजत असते तेव्हाच चुकत असते.

भाषा खरी कामाला लागते ती दुकानात. दुकान दिवसातून थोडाच वेळ उघडे असते, आणि त्याआधी बँकेतून पैसे काढायचे असतात. खिडकीमागची बाई खात्यातून किती काढायचे ते विचारते. रक्कम चिनी मुळाच्या आकड्यांत सांगायची: इल, ई, साम. दोन हजार वॉन म्हणजे ‘ईछॉन वॉन’. ते मिळाले की दुकान. तिथे चोकोपाई हा चॉकलेटचा खाऊ हवा असेल तर नग अस्सल कोरियन आकड्यांत मोजायचे, आणि त्यातही सुटे ‘दुल’ म्हणून चालत नाही. मागे नगाचा शब्द आला की ‘दुल’चे ‘दू’ होते: ‘चोकोपाई दू गे जुसेयो’, दोन चोकोपाई द्या. एका खाऊसाठी दोन वेगवेगळ्या संख्यामाला. वर्गात हाच धडा दोन तास चालतो आणि मुलांच्या माना पडतात. दुकानाच्या रांगेत मात्र पुढच्याने काय म्हटले ते कान टवकारून ऐकले जाते, ओठांतल्या ओठांत घोकले जाते. ‘दुल गे’ म्हणणाऱ्याला दुकानदार हसून दोन बोटे वर करतो आणि ‘दू गे?’ विचारतो, म्हणजे चूक दाखवणे आणि सुधारणे एकाच वेळी होते. घड्याळही असेच आहे. साडेतीन सांगताना तास कोरियन आकड्यात, मिनिटे चिनी मुळाच्या. संध्याकाळचा कार्यक्रम कधी ते फळ्यावर असतेच, पण विचारून घेण्याची सवय लावण्यासाठी काही वेळा ते मुद्दाम लिहीत नाहीत.

सगळ्या यंत्रणेची मेख इथे आहे. परदेशात कोरियन शिकणाऱ्या मुलाला त्या भाषेची गरज कधीच पडत नाही. फ्रेंच किंवा स्पॅनिश निदान रस्त्यावर, पाट्यांवर, शाळेच्या वेळापत्रकात भेटतात. कोरियन भेटते फक्त पडद्यावर, तेही खाली इंग्रजी अक्षरे घेऊन. गरज नसेल तर ती तयार करावी लागते, आणि बँक, दुकान, सीमाशुल्क हे त्यासाठीच. यात पोरखेळ आहे असे म्हणणाऱ्यांनी भूक लागलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला ‘दू गे’ म्हणताना एकदा पाहावे.

वय विचारल्याशिवाय वाक्य संपत नाही

लिपी लवकर येते. राजा सेजोंगने १४४३ मध्ये हांगुल तयार करून १४४६ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजच्या वर्णमालेत मूळ १४ व्यंजने आणि १० स्वर आहेत. अक्षरे एकामागे एक न लिहिता चौकोनी गठ्ठ्यांत रचतात. व्यंजनाला स्वर चिकटवण्याची सवय असलेल्या देवनागरी वाचकाला ही रचना परकी वाटत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक मुले खोल्यांवरच्या पाट्या वाचू लागतात. उच्चार जड जातात. ‘दाल’ म्हणजे चंद्र, ‘थाल’ म्हणजे मुखवटा, आणि घसा आवळून काढलेला तिसरा ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. इंग्रजी कानाला हे भेद सहज ऐकू येत नाहीत. महाप्राण-अल्पप्राणाचा भेद मराठी माणसाला जन्मजात असतो, पण हा घसा आवळलेला तिसरा प्रकार त्यालाही नवाच.

खरी कसोटी मानाची. कोरियनमध्ये समोरच्याशी नाते काय ते क्रियापदाच्या शेवटात ठरते, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मराठीत तू की तुम्ही हा पेच ‘इकडे येणं झालं का’ असे म्हणून टाळता येतो. कोरियनमध्ये तेवढी फट सापडणे कठीण. बरोबरीच्याशी आणि लहानांशी बोलायचे ‘बानमाल’, मोठ्यांशी आणि अनोळखी माणसाशी ‘जोंदेमाल’. म्हणून भेटल्याबरोबर वय विचारतात, आणि त्यात चौकसपणा नसतो. मुलगा मोठ्या मुलाला ‘ह्यॉन्ग’ म्हणतो आणि मुलगी त्याच मुलाला ‘ओप्पा’. मोठ्या मुलीला मुलगा ‘नुना’ म्हणतो, मुलगी ‘ऑन्नी’. ताई-दादा आपल्याकडेही आहेत, फक्त बोलणाऱ्यानुसार ते बदलत नाहीत. त्यात वय मोजायची जुनी रीत निराळी: जन्मतः एक वर्ष, आणि नववर्षाला सगळ्यांचे एकदम एक वर्ष वाढते. जून २०२३ पासून कायद्याने सरकारी कामात जगाची रीत आली, पण बोलण्यात जुनी सुटलेली नाही. बारा वर्षांच्या अमेरिकन मुलाला आपण चौदा वर्षांचे आहोत असे समजते तेव्हा त्याला होणारा आनंद कुठल्याही व्याकरणाच्या धड्यातून मिळत नाही.

मोठ्यांनाही बऱ्याचदा पहिल्या नावाने हाक मारणाऱ्या अमेरिकेत वाढलेल्या मुलांना हे सुरुवातीला जाचक वाटते. दोनेक दिवसांत उलटे दिसते. दहा वर्षांच्या मुलीला सोळा वर्षांची ‘ऑन्नी’ मिळाली की तिच्या ताटातला नको असलेला किमची ऑन्नी गुपचूप खाते, आणि ऑन्नीलाही आपल्या मोठेपणाची जबाबदारी कळते. नुसत्या संबोधनाने मुले एकमेकांना बांधली जातात, आणि हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

एका बाकावर तीन तऱ्हा

अशा शिबिराला येणारी मुले ढोबळमानाने तीन तऱ्हेची असतात, आणि त्यांना एकत्र शिकवणे हेच सर्वांत अवघड काम.

पहिली तऱ्हा स्थलांतरित कोरियन घरांतली. १९६५च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाई लोकांना उघडले तेव्हापासून कोरियन वस्ती वाढली, आणि तिच्याबरोबर चर्चच्या आधाराने चालणाऱ्या शनिवार-रविवारच्या ‘हांगुल हाग्यो’ शाळाही. अमेरिकेतली मराठी मंडळे रविवारी ज्या शाळा चालवतात, त्यांतल्या शिक्षकांना हे मूल लगेच ओळखू येईल. आई काय म्हणते ते सगळे कळते, उत्तर मात्र इंग्रजीत. स्वयंपाकघरातले शब्द पाठ, पण बोलतो ते घरचे बानमाल, कारण मानाने बोलावे असे बाहेरचे कुणी भेटलेलेच नाही. शिबिराच्या पाटलाला तो सहज ‘जेवलास का?’ म्हणून जातो आणि बाकीचे हबकतात.

दुसरी तऱ्हा कोरियन गाण्यांचा आणि सिनेमांचा नाद लागलेल्यांची. २०१२ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ हे गाणे, मग बीटीएस हा गायकांचा चमू, २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ चित्रपटाला ऑस्कर, २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ ही मालिका. या मुलांना कोरियन घरात कुणीच बोलत नाही. मोबाइलवरच्या ॲपवरून त्यांनी लिपी आणि व्याकरण मन लावून घोकलेले असते. त्यांचे वाचन कोरियन घरातल्या मुलांपेक्षा चांगले आणि कान मात्र कच्चा. या लाटेचे प्रमाण विद्यापीठांच्या आकड्यांत दिसते. २०१६ ते २०२१ या काळात अमेरिकन महाविद्यालयांत परकीय भाषा घेणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे १७ टक्क्यांनी घसरली, आणि त्याच काळात कोरियन घेणारे सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले.

तिसरी तऱ्हा मिनेसोटाची खास. कोरियन युद्धानंतरच्या दशकांत कोरियातून अंदाजे दोन लाख मुले परदेशात दत्तक गेली, त्यांतली बहुतेक अमेरिकेत. मिनेसोटातल्या ल्यूथरन आणि इतर सेवासंस्था या कामात पुढे होत्या, म्हणून तिथे कोरियन दत्तक मुलांची वस्ती दाट झाली. आडनाव ओल्सन किंवा अँडरसन, चेहरा कोरियन, भाषा शून्य. गोऱ्या आईवडिलांनी १९७०च्या दशकापासून त्यांच्यासाठी ‘संस्कृती शिबिरे’ सुरू केली. त्यांत हानबोक पोशाख, ढोल, मांस भाजून खाणे असा आठवडा असे, भाषा नावाला. त्या शिबिरांनी आधार दिला हे खरे, पण रेस्तराँत कोरियन बाईने प्रश्न विचारला की खाली मान घालण्याची वेळ त्यांमुळे टळली नाही. अनेक वर्षांच्या तक्रारींनंतर मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने दत्तक कागदपत्रांत फेरफार झाल्याचे आणि त्यात सरकारचीही जबाबदारी असल्याचे मान्य केले. आज या पिढीतली मंडळी स्वतः आईबाप आहेत, आणि त्यांची मुले शिबिराच्या वयाची.

वर्गात या तिघांना वेगळे ठेवता येते. झोपायच्या खोलीत येत नाही, आणि शहाणपण असे की ठेवू नये. गाण्याच्या ओळी वाचून दाखवते नादावलेली मुलगी, त्यांचा सहज अर्थ सांगते कोरियन घरातली, आणि दोघींपैकी कुणालाच पडला नसेल असा प्रश्न तिसरी विचारते.

पैसा

भाषेचे निवासी शिबिर महाग पडते. चार आठवड्यांना काही हजार डॉलर लागतात. शिष्यवृत्त्या असतात, पण त्या सगळ्यांना पुरत नाहीत. महाविद्यालयीन वयाचे मार्गदर्शक, स्वयंपाकी, परिचारिका, कोरियन किराणा हे सगळे जंगलात न्यायचे. युरोपीय गावांना जुन्या स्थलांतरितांच्या वंशजांनी आपापल्या धाटणीच्या वास्तू उभारून दिल्या. कोरियन गाव मात्र कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या आणि भाड्याच्या जागांत बिऱ्हाड करून होते. रशियन किंवा स्कँडिनेव्हियन वळणाच्या छपराखाली सोल शहराची बतावणी करणे सोपे नसते. २०१८ मध्ये ‘सिमोन’ या कोरियन कंपनीचे प्रमुख पार्क उन-ग्वान यांनी कोरियन गावाच्या स्वतंत्र वास्तूसाठी पन्नास लाख डॉलर दिले. जगातल्या नामांकित ब्रँडांच्या महागड्या पर्स बनवून देणारी ही कंपनी. पर्सवर तिचे नाव नसते, म्हणून हे नाव बाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

कोरियन सरकारचा ओढा वेगळीकडे दिसतो. सेजोंग संस्थांचे जाळे २००७ पासून जगभर पसरले, पण ते प्रामुख्याने मोठ्यांसाठी आणि शहरांत. परदेशस्थ कोरियन मुलांसाठी सरकार शिबिरे भरवते ती कोरियात बोलावून. जंगलातल्या तळ्याकाठी अमेरिकन मुलांना कोरियन शिकवणे हा खर्च कुठल्याच सरकारी खात्याच्या चौकटीत नीट बसत नाही.

पाजूतले उलटे गाव

याच खेळाची उलटी आवृत्ती कोरियात होऊन गेली. सोलच्या भोवतालच्या ग्योंगी प्रांताने २००४ मध्ये आनसान इथे आणि २००६ मध्ये पाजू इथे ‘इंग्रजी गावे’ उभारली. दारात पासपोर्ट तपासणी, आत बँक, टपाल, दुकान, सगळीकडे इंग्रजी, आणि खिडकीमागे परदेशातून आणलेले गोरे शिक्षक. कोरियन मुले आठवडाभर येऊन इंग्रजीत पिझ्झा मागून जात. मिनेसोटातल्या गावाशी साम्य पाहून गंमत वाटते, पण फरक मोठा आहे. पाजूत येणाऱ्या मुलामागे परीक्षा होती, आईवडिलांची धास्ती होती, आणि इंग्रजी ही नोकरीची भाषा होती. इमारतींवर खर्च अवाढव्य झाला, मुक्काम थोडा, आणि तोटा वाढत गेला. पाजूचे गाव पुढे इतर शैक्षणिक कामांकडे वळवण्यात आले. तिथे वास्तू आधी उभी राहिली आणि मुले नंतर शोधली गेली. मिनेसोटात दोन दशके उलट स्थिती होती.

तासांचा हिशेब

चार आठवड्यांच्या शिबिरात १८० तासांचे शिक्षण धरले जाते आणि ते अमेरिकन माध्यमिक शाळेच्या एका वर्षाच्या भाषा अभ्यासक्रमाइतके मानले जाते. शाळेत कोरियन विषय नसला तरी श्रेयांक जमा होतात, म्हणून मोठी मुले हाच पर्याय घेतात. दुसरीकडे, अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कोरियन कामापुरती यायला सुमारे २,२०० तास धरते. फ्रेंच-स्पॅनिशच्या सुमारे तीनपट. हा अंदाज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. क्रियापद शेवटी आणि शब्दाला मागून लागणारे प्रत्यय यांमुळे मराठी माणसाचे गणित थोडे सोपे होते. भारताच्या २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळांसाठी सुचवलेल्या परकीय भाषांत कोरियन आहे, आणि रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई या कोरियन कंपन्या आल्यामुळे पुण्याच्या आसपास ती शिकणाऱ्यांना पोटापाण्याचे कारणही आहे. तळ्याकाठच्या मुलांना ते नसते.

शिबिरानंतरचा रस्ता त्यांच्यासाठी अरुंद आहे. महाविद्यालय प्रवेशाच्या सॅट परीक्षेत १९९७ पासून कोरियनचा स्वतंत्र पेपर होता. २०२१ मध्ये सगळ्याच विषयवार परीक्षा बंद झाल्या, त्यात तोही गेला. काही मुले पुढच्या उन्हाळ्यात वरच्या गटात परततात, काही मोठी होऊन मार्गदर्शक होतात आणि सीमाशुल्काच्या टेबलामागे बसतात. थोडी मुले अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर सहा आठवड्यांसाठी थेट कोरियात जातात. तिथे नवाच घोळ होतो. सोनेरी केसांच्या मुलाने जपून जुळवलेल्या वाक्याला सोलमधला दुकानदार चटकन इंग्रजीत उत्तर देतो, कार्ड यंत्राला लावतो आणि पुढच्याकडे वळतो. त्याच रांगेतल्या, ओल्सन आडनावाच्या मुलीशी मात्र तो भराभर कोरियनमध्ये बोलत सुटतो.